पायांची नाडी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी यंदाचे आरोग्यविषयक व्याख्यान देण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेत शास्त्र व गणित शिकविण्यात घालविलेली वर्षे, एवढेच आमचे भांडवल. परंतु विषय हाती घेतल्यावर ध्यानी आले की त्यातील शास्त्र माध्यमिक शाळेतील ध्वनीच्या धड्यात मावते, आणि गणित तर साध्या भागाकाराचे आहे. औषध सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण आपल्या देहाची तपासणी कशी होते आणि तिचा आकडा काय सांगतो, हे समजून घेण्याचा अधिकार प्रत्येकाचा आहे. तेवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहो.

विषय आहे पायांच्या रक्तप्रवाहाचा. वय वाढले की पाय दुखायचेच, असे आपण सारे धरून चालतो. कोणी त्यास वात म्हणतो, कोणी थकवा म्हणतो, कोणी तेल चोळतो. पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु काही पायांचे दुखणे हाडांत नसते, सांध्यांत नसते, तर त्या पायांस रक्त पुरेसे पोहोचत नाही म्हणून असते. हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन जाणाऱ्या नलिकांस आम्ही शाळेत रोहिणी म्हणत असू. हल्लीच्या पुस्तकांत त्यांस धमनी म्हणतात. या धमनीच्या आतल्या अंगास मेदाचा थर बसतो, तो कालांतराने कठीण होतो, आणि वाट अरुंद होत जाते. हृदयाच्या धमनीत असे झाले की हृदयविकार, मेंदूच्या धमनीत झाले की अर्धांगवायू. हे दोन्ही आपणांस ठाऊक आहेत. पायांच्या धमनीत तेच झाले तर मात्र आपण त्यास ओळखत नाही.

या दुखण्याची ओळख मोठी विशिष्ट आहे. मनुष्य चालू लागतो, ठराविक अंतरावर पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी दुखते. उभे राहिले की दोन-चार मिनिटांत दुखणे नाहीसे होते. पुन्हा चालावे, तर पुन्हा तितक्याच अंतरावर तेच. कारण उघड आहे. विसाव्यात असलेल्या स्नायूस थोडे रक्त पुरते. काम करणाऱ्या स्नायूस कैक पट लागते, आणि अरुंद वाटेतून तेवढे येत नाही. नवल असे की वैद्यकाने हे प्रथम पाहिले ते घोड्यात. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने चालता चालता लंगडणारा आणि थांबला की बरा होणारा घोडा वर्णिला. माणसातील तोच विकार शार्को या विख्यात फ्रेंच वैद्याने १८५८ साली नोंदविला.

कंबरेच्या मणक्यात मज्जातंतू दाबले गेले तरी चालताना पाय दुखतात. मग भेद कसा करावा? मणक्याचे दुखणे असलेल्यास बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय आराम पडत नाही. धमनीचे दुखणे असलेल्यास नुसते उभे राहिल्यानेच पडतो. रोग आणखी वाढला की मात्र विसाव्यातही दुखू लागते, विशेषतः रात्री, पाऊल आणि बोटे ठणकतात. पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते, कारण उतारामुळे थोडे रक्त खाली उतरते. ही खूण ज्या घरात दिसेल, त्या घराने दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आता तपासणीकडे वळू. मनगटाची नाडी आपण जाणतो. तशीच पावलावरही नाडी असते. एक पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेने वर गेल्यास लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. डॉक्टर प्रथम तीच चाचपतात. परंतु बोटांच्या स्पर्शास मर्यादा आहेत. काही निरोगी माणसांतही पावलाच्या पाठीवरची नाडी हातास लागत नाही. सूज असेल तर लागत नाही. आणि लागली तरी रक्त किती जोराने येते ते कळत नाही. धमनीत औषध सोडून क्ष-किरणांनी चित्र घेण्याची युक्ती निघाली. लिस्बनच्या दुश सांतुश यांनी १९२९ साली पोटातील महारोहिणीचे असे चित्र घेतले. पण त्यास सुई टोचावी लागे आणि धोकाही होता. त्वचेस न टोचता आतला प्रवाह जाणावा कसा, हा प्रश्न ध्वनीने सोडविला.

त्याची गोष्ट शिक्षकाच्या जिभेवर आपोआप येते. फलाटावर उभे असता शिटी वाजवीत येणारी गाडी आपण ऐकली आहे. गाडी जवळ येत असता शिटीचा स्वर चढा लागतो, समोरून निघून गेली की तो एकदम उतरतो. शिटी तीच असते. बदलते ती गाडीची आपल्याशी असलेली गती. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे जन्मलेल्या क्रिस्तियान डॉप्लर या अध्यापकाने १८४२ साली प्राग नगरीत हा नियम विद्वानांपुढे मांडला, तोही ताऱ्यांच्या रंगांच्या संदर्भात. १८४५ साली हॉलंडमधील बाईस बॅलट यांनी उट्रेक्टजवळ धावत्या आगगाडीत तुतारीवादक बसवून आणि रुळाकाठी स्वरज्ञ श्रोते उभे करून ध्वनीच्या बाबतीत तो पडताळून पाहिला. ताऱ्यांसाठी मांडलेला नियम एक शतकानंतर म्हाताऱ्या माणसाच्या पावलास उपयोगी पडेल, हे त्या गृहस्थांच्या स्वप्नातही नसेल.

माणसाच्या कानास सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्यावरच्यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ अंधारात याच ध्वनीच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. असा ध्वनी उत्पन्न करणारे विशिष्ट स्फटिक असतात. त्यांस विद्युत दिली की ते कंप पावतात, आणि कंपने येऊन आदळली की विद्युत देतात. दाब आणि विद्युत यांचा हा संबंध १८८० साली पियेर आणि झाक क्यूरी या बंधूंनी दाखविला. जपानातील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात श्राव्यातीत ध्वनी आणि डॉप्लरचा नियम यांची सांगड घालून हृदयाची हालचाल व रक्ताचा प्रवाह जाणण्याचे काम आरंभिले. पुढे अमेरिकेत सिअॅटल येथील विद्यापीठात स्ट्रँडनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांच्या रोगांसाठी त्या विद्येस पूर्णत्व आणले.

पायांसाठीचे साधे उपकरण एखाद्या जाड लेखणीएवढे असते. त्वचेवर थोडे थंड जेल लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही. लेखणीचे टोक तिरपे टेकवितात. ध्वनी आत जातो, धमनीतून धावणाऱ्या रक्तकणांवर आदळून परततो, आणि रक्त धावते असल्यामुळे परतलेल्या ध्वनीची कंपने बदललेली असतात. येथे एक उदाहरण सोडवू. उपकरणाचा ध्वनी सेकंदास ८० लक्ष कंपनांचा आहे, शरीरात ध्वनी सेकंदास १,५४० मीटर वेगाने जातो, रक्ताचा वेग सेकंदास ५० सेंटिमीटर, आणि कोन ६० अंशांचा. हिशेब केला तर गेलेल्या आणि आलेल्या कंपनांतील फरक सुमारे २,६०० येतो. म्हणजे मूळ ध्वनी कानापलीकडचा असला तरी फरक मात्र कानाच्या टप्प्यात पडतो! निसर्गाची ही कृपाच म्हणावी. उपकरण तो फरक ध्वनिवर्धकातून ऐकविते, आणि रुग्णास स्वतःच्या पायातील रक्ताचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकू येतो.

निरोगी धमनीचा आवाज प्रत्येक ठोक्यास तीन अंगांचा असतो: एक जोरकस पुढे, एक लहानसा मागे, आणि पुन्हा एक हलका पुढे. वर कोठे वाट अरुंद झाली असेल, तर मागे परतणारा मधला भाग प्रथम लोपतो, आणि रोग वाढला की शेवटी एकच मंद, वाऱ्यासारखा सुस्कारा उरतो. अनुभवी डॉक्टर डोळे मिटून आवाजावरून निदान करतात, जसा गवई तंबोऱ्याची तार ओळखतो.

परंतु आवाजापेक्षाही उपयुक्त आहे तो आकडा. रुग्णास पाच-दहा मिनिटे उताणे निजवितात. दोन्ही दंडांस आणि दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाबाचा पट्टा क्रमाने बांधतात. पट्टा फुगविला की रक्त अडते आणि आवाज थांबतो. हळूहळू सैल सोडला की ज्या दाबास आवाज पुन्हा उमटतो, तो त्या धमनीचा वरचा दाब. प्रत्येक पावलाच्या दोन्ही नाड्यांपैकी अधिक दाब घ्यावा, त्यास दोन दंडांपैकी अधिक दाबाने भागावे. आलेला भागाकार हा त्या पायाचा आकडा. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा १५४, तर भागाकार १.१. हा उत्तम. दंडाचा १४० आणि घोट्याचा ८४, तर भागाकार ०.६. म्हणजे वाटेत कोठेतरी अडथळा आहे हे निश्चित. १.० पासून १.४ पर्यंत आकडा प्राकृत समजतात, ०.९१ ते ०.९९ सीमेवरचा, ०.९ किंवा त्याखाली रोग, आणि ०.४ च्याही खाली गेला तर पाय संकटात आहे. पंधरावीस मिनिटांचे काम. सुई नाही, क्ष-किरण नाही, उपासही नाही.

हा आकडा केवळ पायाचे भविष्य सांगत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही त्याच वाटेने जात असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून पोटरीचे दुखणे हे कित्येकदा हृदयाने पायाकरवी पाठविलेले पत्र असते.

आकडा कमी आला तर अडथळा नेमका कोठे आणि किती, हे पाहण्यास दुसरी तपासणी आहे. ती सोनोग्राफीच्या केंद्रात होते. तीस पायांचा कलर डॉप्लर म्हणतात. हीत जांघेपासून घोट्यापर्यंत धमनीचे चित्रही दिसते आणि प्रवाहही मोजता येतो. पडद्यावर तांबडा आणि निळा असे रंग दिसतात. तांबडे शुद्ध आणि निळे अशुद्ध असा पुष्कळांचा समज होतो, तो खरा नव्हे. रंग फक्त दिशा सांगतात, रक्त यंत्राच्या टोकाकडे येते की त्यापासून दूर जाते एवढेच. अडथळा शोधण्याची युक्ती बागेतल्या नळीची आहे. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोराने उडते. त्याचप्रमाणे धमनी जेथे अरुंद तेथे रक्ताचा वेग वाढतो. लगतच्या निरोगी भागापेक्षा वेग दुप्पट झाला की तेथील रुंदी निम्मी किंवा त्याहून कमी उरली असे मानतात.

ही विद्या निर्दोष आहे असे मात्र नव्हे. पोटातील वायूमुळे ओटीपोटातील धमन्या नीट दिसत नाहीत. धमनीच्या भिंतीत चुना साठला असेल तर पलीकडे सावली पडते. तपासणाऱ्याच्या हाताच्या कौशल्यावरही पुष्कळ अवलंबून असते. आणि सर्वांत मोठी फसगत मधुमेहींच्या बाबतीत होते. जुन्या मधुमेहाने किंवा मूत्रपिंडाच्या रोगाने धमन्या इतक्या ताठर होतात की पट्ट्याने त्या दाबल्याच जात नाहीत, आणि आकडा खोटाच मोठा येतो, कधी १.४ च्याही वर. रोग असूनही कागदावर सारे ठीक! अशा वेळी पायाच्या अंगठ्यास लहान पट्टा बांधून दाब मोजतात, कारण अंगठ्याच्या धमन्या सहसा तितक्या ताठर होत नाहीत. तेथील भागाकार ०.७ च्या खाली आल्यास रोग समजावा. आपल्या देशात मधुमेही किती, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने सांगितले: सुमारे १० कोटी. तेव्हा ही फसगत थोड्यांची नव्हे.

येथे आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंचा वृत्तान्त सांगणे प्राप्त आहे. नाव गाव सांगत नाही. बाई मधुमेही. रात्री त्या अंथरुणावर निजत नसत, माजघरातील झोपाळ्यावर एक पाय खाली सोडून बसत. विचारले तर म्हणत, “पाय लोंबता असला की जीव थांबतो.” घरची माणसे प्रेमळ, सेवेस तत्पर. त्यांनी वात समजून तेल चोळले, विटेचा शेक दिला. मधुमेहाने पावलाची संवेदना मंदावलेली. चटका बसलेला बाईंना कळला नाही. फोड आला, फुटला, भरेना. अंगठा काळा पडला. शहरात नेऊन तपासणी झाली तेव्हा पावलात आवाज जवळजवळ नव्हताच. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी घरच्यांस एवढेच सांगितले की झोपाळ्यावर बसू लागल्या तेव्हाच आणले असते, तर धमनीची वाट मोकळी करून पाय राखण्याचा यत्न करता आला असता. पुढे त्या चार वर्षे जगल्या. झोपाळा माजघरातच होता. परंतु त्यावर त्या पुन्हा बसल्या नाहीत.

बंधुभगिनींनो, या घरात प्रेमाची उणीव नव्हती. पैशाचीही विशेष नव्हती. उणीव होती ती माहितीची, आणि आम्ही आज येथे उभे आहो ते त्याचसाठी. त्यातही स्त्रियांच्या बाबतीत आम्हांस अधिक काळजी वाटते. पुरुष निदान फिरावयास जातो आणि मध्येच थांबला तर सोबत्यांस दिसते. घरातल्या घरात वावरणारी वृद्ध स्त्री दुखेल इतके चालतच नाही. तिचा रोग पहिल्या पायरीवर दिसत नाही, एकदम जखमेच्या रूपाने प्रगटतो.

आता आचरणाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. तंबाखू हा या रोगाचा सख्खा भाऊ आहे. विडी, सिगारेट सुटली नाही तर बाकीचे सारे उपाय पाण्यात. तंबाखूमुळे तरुण माणसांच्याही हातापायांच्या धमन्या बंद होतात. १९०८ साली बर्गर या डॉक्टरांनी वर्णिलेला तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने ताबा ठेवावा. पावलात जखम नसेल तर डॉक्टरांस विचारून चालण्याचा व्यायाम करावा: दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा. दुखते म्हणून बसून राहणे हा यावर उपाय नव्हे. बधिर पावलास शेक कदापि देऊ नये. पायास सूज आहे म्हणून घट्ट पायमोजे आपल्या मनाने चढवू नयेत. धमनी आधीच अरुंद असेल तर ते घात करतात, म्हणून आधी घोट्याचा आकडा काढून घ्यावा. आणि पाय अकस्मात पांढराफटक, गार पडला, बधिर झाला, हालेनासा झाला, तर तो घटकाभरही थांबण्याचा प्रसंग नव्हे. सहा तासांच्या आत उपाय झाला तर पाय वाचण्याची आशा असते.

मंडळापुढे आमची एक सूचना आहे. प्रतिवर्षी आपण नेत्रतपासणी आणि रक्तदान यांची शिबिरे भरवितो. त्यांत साठी उलटलेल्या, तसेच मधुमेही व धूम्रपान करणाऱ्या सभासदांसाठी घोट्याच्या दाबाची तपासणी जोडावी. लेखणीएवढे डॉप्लर, एक पट्टा आणि एक जाणता डॉक्टर, एवढ्यात ते भागते. आपल्या ज्ञातीतील तरुण डॉक्टरांनी वर्षातील एक रविवार द्यावा. ज्यांचा आकडा कमी येईल किंवा फाजील मोठा येईल, त्यांस पुढील तपासणीस धाडावे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांबरोबर मंडळाच्या स्वयंसेवकाने जावे.

दुसरी सूचना तरुणांस आहे, आणि तीस पैसा लागत नाही. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची चाल अद्याप टिकून आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु वाकणाराचे डोळे मिटलेले असतात, आणि मस्तक उचलण्याची घाई असते. यापुढे नमस्कार करताना डोळे उघडे ठेवावेत. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागते काय? एकाचा रंग निराळा आहे काय? बोटांच्या बेचक्यात जखम, टाचेस खोल भेग, कुरूप, काळवटलेले नख दिसते काय? पायावरील केस झडून कातडी चकचकीत झाली आहे काय? दिसल्यास आशीर्वाद घेऊन तसेच उठू नये, “आजी, हे केव्हापासून?” असे विचारावे. मधुमेही आजी-आजोबांच्या बाबतीत तर दिवेलागणीनंतर रोज एकदा पावले पाहण्याचा नेमच घरातील नातवंडांनी करावा.

ज्या पायांनी चालत जाऊन आपल्या वडिलांनी शाळा गाठल्या, नोकऱ्या केल्या, वर्गणी गोळा करीत घरोघर फिरून हे मंडळ उभे केले, ते पाय राखणे हे आपले कर्तव्य आहे.